हाताच्या अंतरावरची भिंत: टच व्हिडिओ वॉलच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

जळगावच्या एका दागिन्यांच्या दालनात नऊ पडद्यांची टच व्हिडिओ वॉल प्रथमच सुरू करून आम्ही बाजूला उभे राहिलो, तेव्हा आत आलेल्या एका आजींनी आठ-दहा फुटांवर थांबून नातवाला विचारले, “हाई काच शे का टीव्ही शे रे?” नातवाने टीव्ही म्हणून सांगितल्यावर त्या निवांत खुर्चीवर बसल्या आणि हार, पाटल्या, गोठ यांची चित्रे सरकताना पाहत राहिल्या. या भिंतीला हात लावायचा असतो, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते आणि भिंतीवरही तसे काही दिसत नव्हते. मालकाने स्पर्शाच्या सोयीसाठी वेगळे पैसे मोजले होते. संध्याकाळी काच पुसताना मात्र तिच्यावर फक्त आमच्याच बोटांचे ठसे सापडले.

या कामातली मूळ अडचण त्या एका प्रसंगात आहे. व्हिडिओ वॉल, म्हणजे अनेक पडदे जोडून केलेला एकच मोठा पडदा, ही लांबून पाहण्यासाठी जन्माला आलेली वस्तू आहे आणि स्पर्श माणसाला हाताच्या अंतरावर, म्हणजे जेमतेम दोन फुटांवर आणून उभे करतो. या दोन गोष्टींचा मेळ घालणे हेच आपले काम असून पडदे भिंतीवर चढवणे हा त्याचा तुलनेने सोपा भाग आहे. मी आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा ट्रेड करून, दोन-तीन वर्षे सीसीटीव्हीच्या वायरी ओढून मग या कामात आलो, त्यामुळे सुरुवातीला मलाही सोपा भागच पूर्ण काम वाटत असे.

नऊ पडद्यांच्या भिंतीचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. ५५ इंची पडदा सुमारे १२१ सेंटिमीटर रुंद आणि ६८ सेंटिमीटर उंच असतो. तीन ओळींत तीन-तीन लावले की भिंत बारा फूट रुंद आणि पावणेसात फूट उंच होते. ती जमिनीपासून अडीच फुटांवर बसवली, तर तिचा माथा नऊ फुटांच्या वर जातो. म्हणजे वरची पूर्ण ओळ कोणाच्याच हाताला सहज येत नाही, आणि उभ्या माणसाला सहज पोहोचता येईल असा पट्टा जमिनीपासून तीन ते पाच फुटांचाच उरतो. गंमत अशी, की खालच्या आणि मधल्या ओळीचा सांधा नेमका पावणेपाच फुटांवर, म्हणजे याच पट्ट्यात पडतो. म्हणून वरच्या दोन ओळींत पाहण्याचे चित्र आणि खालच्या ओळीत हाताळण्याची बटणे ही मांडणी आम्ही आता आराखड्यापासूनच धरतो. तिचा दुसरा फायदा असा, की समोर उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीमुळे मागच्या दहा जणांचे चित्र झाकले जात नाही.

सांध्याबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण मराठी मजकूर असला की तो जास्त बोचतो. दोन पडद्यांच्या चित्रांमधली काळी पट्टी पडद्याच्या दर्जानुसार साडेतीन मिलिमीटर, पावणेदोन मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी असते. अशा ५५ इंची फुल एचडी (१९२० बाय १०८० पिक्सेलच्या) पडद्याचा एक पिक्सेल ०.६३ मिलिमीटरचा असतो, म्हणजे साडेतीन मिलिमीटरच्या पट्टीत साडेपाच पिक्सेल मावतात. चित्र सांध्यावर तुटू नये म्हणून पडद्यांवर चित्र वाटून देणाऱ्या कंट्रोलरमध्ये बेझल कॉम्पेन्सेशन, म्हणजे पट्टीची भरपाई, सुरू केली, की तेवढे पिक्सेल पट्टीमागे गेले असे धरले जाते. फोटोसाठी ते छान दिसते. आमच्या एका कामात मात्र दागिन्यांच्या नावांची शिरोरेघ बरोबर सांध्याखाली आली होती आणि वरचा बारीक अनुस्वार पट्टीमागे गेला होता, त्यामुळे मंगळसूत्राचे ‘मगळसूत्र’ झाले. ते आमच्यापैकी कोणाच्या नजरेस आले नाही; काउंटरवरच्या एका बाईंनी हसू दाबत दाखवले. इंग्रजी अक्षरांच्या डोक्यावर फारसे काही नसते, देवनागरीच्या मात्रा, वेलांट्या, रफार हे सगळे शिरोरेघेच्या वरच राहतात, हे मजकूर मांडणाऱ्याने विसरू नये. आणखी एक बाब म्हणजे गावातल्या डीटीपीवाल्यांकडून येणारा मजकूर बऱ्याचदा जुन्या फॉन्टमध्ये असतो आणि आपल्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची चिन्हांची खिचडी होते, म्हणून तो युनिकोडमध्येच मागून घ्यावा.

स्पर्श ओळखण्याच्या पद्धती दोन-चार आहेत, पण आपल्याकडच्या मोठ्या भिंतींवर बहुतेक वेळा इन्फ्रारेड फ्रेमच भेटते. चौकटीच्या दोन बाजूंना अदृश्य प्रकाश सोडणारे दिवे आणि समोरच्या बाजूंना तो टिपणारे सेन्सर असतात. बोटाने आडवी आणि उभी किरणे अडवली की जागा कळते. हे तंत्र नवे नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो ४ या शैक्षणिक संगणकावर १९७२ मध्ये हाच प्रकार होता, फक्त त्याची जाळी सोळा बाय सोळाची होती. मोबाइलमध्ये असते ती कपॅसिटिव्ह पद्धत बोट टेकल्यावर काचेवरच्या विद्युतभारात होणाऱ्या बदलावर चालते. सांधे असलेल्या मोठ्या भिंतीवर ती महाग आणि अवघड पडते. इन्फ्रारेडला बोट, पेन, हातमोजा, सगळे सारखेच, आणि हाच तिचा गुण तसाच दोषही आहे, कारण किरण कोणी अडवले हे तिला कळत नाही.

हा दोष मी पावसाळ्यात शिकलो. पहिल्या जोराच्या पावसानंतर आपल्याकडे संध्याकाळी दिव्याभोवती पाखरांची जी झुंबड उडते, ती सर्वांनी पाहिलेली आहे. एका दालनाच्या रखवालदाराने सकाळी सांगितले की रात्री भिंत आपोआप पाने उलटत होती, आणि तो पुढे बोलताना जरा आवाज खाली घेत होता. आम्ही सॉफ्टवेअर पुन्हा टाकले, केबल बदलली, दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी फ्रेमच्या खालच्या पट्टीत बोट फिरवले तर गळून पडलेल्या पंखांचा थर हाताला आला. उजळलेल्या पडद्याकडे झेपावणारे प्रत्येक पाखरू फ्रेमच्या लेखी एक बोट होते. तेव्हापासून दुकान बंद होताच पडदे आणि स्पर्श दोन्ही बंद करणारा टाइमर आम्ही बसवतो, आणि खालच्या पट्टीतली धूळ मऊ ब्रशने आठवड्यातून एकदा काढायला लावतो.

उन्हाचा त्रास याच जातीचा आहे. सूर्यप्रकाशातही इन्फ्रारेड असतो, त्यामुळे पश्चिमेकडे काचेचे दर्शनी भाग असलेल्या दालनात साडेचार-पाचनंतर तिरपे ऊन फ्रेमवर आले, की सेन्सर आंधळे होतात. म्हणून जागेची पाहणी सकाळी दहाला उरकून मोकळे होऊ नये. दुपारी चारनंतर पुन्हा एकदा जाऊन, उन्हाची तिरीप जमिनीवर कुठपर्यंत येते तिथे खडूने रेघ मारून ठेवावी. खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्याच्याही वर जातो, आणि बहुतेक पडदे ४० अंशांपर्यंतच्या हवेत चालण्यासाठी बनवलेले असतात. एसी चालू असताना काही अडत नाही. अडते ते सकाळी, रात्रभर बंद राहून तापलेल्या दालनात सर्वप्रथम भिंतीचे बटण दाबले जाते तेव्हा. आधी एसी, अर्ध्या तासाने भिंत, हा क्रम आम्ही स्विचबोर्डवरच चिकटवून येतो. पडद्यांसमोर टफन्ड काच असल्यास वर आणि खाली हवेला वाट ठेवलीच पाहिजे, मात्र ती पोकळी फार वाढवूनही चालत नाही, कारण काच आणि चित्र यांत अंतर पडले की बाजूने उभ्या असलेल्या माणसाचे बोट बटणाच्या शेजारी लागते.

फ्रेम तुकड्यांत येते आणि जागेवर जोडली जाते. तिची चारही अंगे एकाच पातळीत असावी लागतात, आणि आपल्या जुन्या बाजारपेठांतल्या भिंती ओळंब्यात असतील असे गृहीत धरणे धोक्याचे असते. धुळ्याच्या एका कामात बारा फुटांत भिंतीला जवळजवळ पाऊण इंच पोट होते. प्लास्टरवर विसंबून फ्रेम कसली असती तर मधली किरणे समोरच्या सेन्सरवर पोहोचलीच नसती. आम्ही फॅब्रिकेटरकडून चौकोनी पाइपचा स्वतंत्र सांगाडा करून घेतला आणि तो लेझर लेव्हलने सरळ केला. पडद्यांसाठी पुढे ओढता येणारे माउंट घ्यावेत, अन्यथा मधला एक पडदा बिघडला तर शेजारचे चार उतरवावे लागतात.

वायरिंगमधल्या चुका नवी मुले हमखास करतात, आणि मीही केल्या आहेत. स्पर्शाची यूएसबी केबल पाच मीटरपेक्षा लांब ओढली, की कधी चालते कधी नाही अशी अवस्था होते आणि दोष फ्रेमवर ढकलला जातो. लांब अंतरासाठी सिग्नलला वाटेत जोर देणारा अॅक्टिव्ह एक्स्टेंडर लागतो. एचडीएमआयही पंधरा मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही, तिथे एचडीबेसटी, म्हणजे कॅट-६ या नेटवर्क केबलवरून चित्र पाठवण्याची पद्धत, किंवा ऑप्टिकल केबल वापरावी. विंडोजला नऊ पडदे नऊ वेगळे मॉनिटर म्हणून दिसले, तर स्पर्श त्यांपैकी एकाच मॉनिटरवर बसतो, म्हणून ग्राफिक्स कार्डावरची मोझेक किंवा आयफिनिटी ही पडदे जोडण्याची सोय वापरून त्यांचा आधी एक मोठा पडदा करावा आणि नंतरच स्पर्शाचे कॅलिब्रेशन, म्हणजे बोटाची जागा चित्राशी जुळवणे, करावे. दोन बाय दोनची भिंत बरोबर ४के, म्हणजे ३८४० बाय २१६० होते. तीन बाय तीनची ५७६० बाय ३२४० होते, आणि तिला ४के चित्र दिले की ते दीडपट ताणले जाते. लांबून ते कळत नाही, हाताच्या अंतरावरून मात्र बारीक अक्षर धूसर दिसते. वीज, अर्थिंग आणि यूपीएस यांचा विषय इलेक्ट्रिशियनवर सोडून देऊ नये, एवढेच इथे सांगतो.

मालक हमखास विचारतात, की सांधे नकोत तर बारीक दिव्यांच्या ठिपक्यांची एलईडी वॉल का लावू नये. लांबून पाहायची असेल तर जरूर लावावी. पण पी २.५ च्या भिंतीत दोन ठिपक्यांमधले अंतर अडीच मिलिमीटर असते आणि ती साधारण अडीच मीटर मागूनच नीट दिसते. शिवाय ती ज्या तुकड्यांनी बनते त्या साध्या मॉड्यूलवरचे दिवे हाताच्या धक्क्यानेही निखळतात. हे समजावताना माहितीपत्रकाचा उपयोग होत नाही. मी नमुन्याचे एक मॉड्यूल सोबत नेतो, त्यावर दर आणि वजन लिहिलेले चित्र लावतो आणि मालकांना दोन फुटांवर उभे करून ते वाचायला सांगतो.

शिक्षणाबाबत विचारणा होते म्हणून लिहितो. आयटीआय किंवा पॉलिटेक्निकचा इलेक्ट्रॉनिक्स अथवा इलेक्ट्रिकल पाया पुरेसा ठरतो. त्यावर नेटवर्किंगची ओळख आणि मोजमापाची सवय लागते. पूर्वी इन्फोकॉम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एव्हिक्सा या दृकश्राव्य व्यवसायाच्या संस्थेची सीटीएस ही परीक्षा या क्षेत्रात जगभर मानली जाते, पण दोन-तीन वर्षे शिडीवर काढल्यावर ती दिली तर तिच्यातले प्रश्न ओळखीचे वाटतात. मुंबईत भरणारे इन्फोकॉम इंडिया प्रदर्शन एकदा तरी पाहावे. जळगाव-भुसावळहून रात्रीच्या गाडीने निघाले की सकाळी पोहोचता येते. तिथे विक्रेत्यांचे बोलणे कमी ऐकावे आणि भिंतींच्या मागे जाऊन केबल कशा बांधल्या आहेत ते पाहावे.

त्या दागिन्यांच्या दालनात आम्ही पुढे दोनच बदल केले. खालच्या ओळीत एका पाटलीचे चित्र सतत मंद हलते ठेवले आणि त्याच्याखाली मोठ्या अक्षरांत ‘इथे बोट लावा’ असे लिहिले. शिवाय काउंटरवरच्या मुलीला, आलेल्या माणसासमोर स्वतः एकदा बोट लावून दाखवायला सांगितले. मग ठसे इतके वाढले, की काच दिवसातून दोनदा पुसावी लागू लागली आणि ओल्या फडक्याने पाने भराभर उलटू लागली. आता पुसण्यापूर्वी स्पर्श बंद करण्याचे बटण आम्ही प्रत्येक कामात भिंतीच्या उजव्या कडेला, साडेचार फुटांवर देतो.