व्हिक्टोरियन काळातल्या इंग्रजी बोलीचं मूळ शोधताना या चुका टाळा

डोकं फिरलेल्या माणसाला इंग्रज 'डुलाली' म्हणतात. हा शब्द नाशिकजवळच्या देवळालीचा. तिथल्या छावणीत नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट बघत थांबायचे. जहाजं ठरावीक हंगामातच सुटायची. हंगाम चुकला की कित्येक महिने तिथेच. हाताला काम नाही, वर उकाडा. माणसं भ्रमिष्टासारखी वागू लागायची. पूर्ण शब्दप्रयोग 'डुलाली टॅप' असा आहे आणि इथेच बरेच जण फसतात. 'टॅप' म्हणजे डोक्यावर बसलेली टपली, असं समजतात. तो 'टॅप' म्हणजे आपला ताप! देवळालीचा ताप. मराठी वाचकाने तरी हा शब्द इंग्रजी कोशात शोधण्याआधी एकदा मोठ्याने म्हणून बघावा.

आद्याक्षरांच्या गोष्टींवर तर मुळीच विश्वास ठेवू नका. 'पॉश' (ऐटबाज, उच्चभ्रू) हा शब्द 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' (जाताना डावी बाजू, परतताना उजवी) याच्या आद्याक्षरांतून आला, म्हणजे मुंबईला येता-जाता जहाजाच्या सावलीकडच्या खोल्या घेणारे श्रीमंत ते पॉश, ही गोष्ट सगळीकडे फिरते. तसा शिक्का मारलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. शिवाय आद्याक्षरं जोडून शब्द करायची रीत त्या काळी फारशी नव्हतीच. लंडनच्या चोरबोलीत मात्र 'पॉश' म्हणजे अर्धा पेनी, पुढे नुसता पैसा. बहुधा रोमानी म्हणजे जिप्सींच्या भाषेतून आलेला.

सालही तपासा. 'मॅड ॲज अ हॅटर' (टोपीवाल्यासारखा वेडा) हे लुईस कॅरोलच्या 1865 च्या 'ॲलिस इन वंडरलँड' या पुस्तकातून आलं असं सांगतात, पण ते 1829 मध्येच छापलेलं सापडतं. तेव्हा व्हिक्टोरिया राणीही झाली नव्हती.

लंडनच्या हातगाडीवाल्या फळविक्रेत्यांची उलटी बोली मला फार आवडते. गिऱ्हाईक आणि पोलीस दोघांनाही कळू नये म्हणून ते शब्द मागून पुढे म्हणत. बॉयचा झाला यॉब, बिअरची रीब. लहानपणी 'च'ची भाषा बोललेल्यांना यातली मजा लगेच कळेल. असा शब्द समोर आला की लॅटिन-ग्रीक धुंडाळू नका, आधी उलटा वाचा.

एका शब्दाबाबत मात्र जपून. 'स्वीट फॅनी ॲडम्स' म्हणजे 'काहीही नाही', आणि लोक तो हसत वापरतात. 'एफ. ए.' या आद्याक्षरांच्या इंग्रजी शिवीवरचा पडदा म्हणूनच तो जन्मला, असं समजू नका. शिवीशी नातं नंतर जुळलं. फॅनी ही हॅम्पशरमधल्या ऑल्टनची आठ वर्षांची मुलगी. 24 ऑगस्ट 1867 ला तिचा खून झाला, देहाचे तुकडे केले गेले. त्याच सुमारास आरमारात डबाबंद मटण आलं आणि खलाशी त्या बेचव मांसाला तिच्या नावाने हाक मारू लागले; त्यावरून पुढे कवडीमोल गोष्ट, आणि मग 'काहीही नाही'. ऑल्टनच्या दफनभूमीत लोकवर्गणीतून उभारलेला तिच्या नावाचा दगड आजही आहे.