रिमोट बायकोच्या हातात: शॉकच्या पट्ट्याबाबत या चुका टाळा

मला नखं खायची सवय. चाळिशी उलटली तरी. बायकोने रागावून पाहिलं, बोटांना कडुनिंबाचं तेल चोपडून पाहिलं. शेवटी मीच मनगटाला बांधायचा शॉकचा पट्टा मागवला आणि त्याचं ॲप तिच्या फोनवर टाकून दिलं. माझं बोट तोंडात गेलं की तिने बटण दाबायचं, असा करार. पुढच्या सहा महिन्यांत ज्या चुका करता येतील त्या सगळ्या आम्ही केल्या.

कल्पना तशी जुनीच. मनीष सेठी नावाच्या अमेरिकी तरुणाने २०१२ साली तासाला आठ डॉलर देऊन एक बाई नेमली होती. तो कामाच्या वेळी फेसबुक उघडायला गेला की तिने थोबाडीत द्यायची. पुढे त्यानेच ‘पावलोक’ हा शॉक देणारा मनगटी पट्टा काढला. फरक इतकाच की त्याची बाई पगारी होती. आपल्याकडे बटण दाबणाऱ्या माणसाबरोबर रात्री जेवायला बसायचं असतं, आणि निम्म्या भानगडी तिथूनच सुरू होतात.

आधी मात्र उपकरणाच्या चुका. कुत्र्याचा पट्टा स्वस्त मिळतो म्हणून माणसाच्या गळ्यात बांधू नका. गळ्यात स्वरयंत्र आहे, मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या आहेत. छाती आणि डोकंही वर्ज्य. मनगट, दंड, पोटरी, मांडी एवढ्याच जागा, आणि करंट सोडणारे दोन्ही खिळे एकाच हातावर किंवा एकाच पायावर. एक टोक डाव्या हाताला आणि एक उजव्या हाताला लावलंत तर करंट छातीतून जाणार. पेसमेकर असेल, हृदयाचे ठोके अनियमित असतील, फिट येत असतील किंवा दिवस गेलेले असतील, तर हा विषय तिथेच संपवा.

आमची पहिली फजिती शॉक ‘लागतच नाही’ अशी होती. डिसेंबरचे दिवस, कोरडी त्वचा, वर आंघोळीनंतर लावलेलं खोबरेल. तिने वीसवर दाबलं, काही नाही. चाळीस, काही नाही. साठ केलं. तेवढ्यात मी जिना चढून घामाघूम झालो होतो आणि पट्टा एक भोक घट्ट केला होता. पुढचं बटण दाबलं तसा हातातला चहाचा कप भिंतीवर. कारण साधं आहे. कोरड्या त्वचेचा विजेला होणारा रोध एक लाख ओहमपर्यंत असू शकतो, ओल्या त्वचेचा हजारापर्यंत उतरतो. म्हणून शॉक लागला नाही तर आकडा वाढवू नका. आधी तेल पुसा, दोन्ही खिळे त्वचेला टेकलेत का ते बघा, पट्ट्याखाली करंगळी जेमतेम जाईल इतपत आवळा आणि मग सगळ्यात खालच्या पातळीपासून पुन्हा तपासा. त्वचा घामेजलेली असेल तर थांबा.

खिळ्यांच्या जागी लाल ठिपके उठले तर पट्टा दुसऱ्या हातावर घ्या. कातडी सोलवटली असेल तर भरून येईपर्यंत काढूनच ठेवा. चार्जिंगला लावलेला पट्टा अंगावर नको. स्कूटरवर, तापलेल्या कढईसमोर आणि दोन पेग झाल्यावरही नको.

आमच्या पट्ट्यात हात तोंडाकडे गेला की आपोआप शॉक देण्याची सोय होती. हाताने जेवणाऱ्या घरात ती चालू ठेवून वरणभाताला बसू नका, एवढंच सांगतो.

आता वेळेबद्दल. शिक्षा कृतीला चिकटून आली तरच मेंदू त्या दोन्हींची सांगड घालतो. आमच्या बाबतीत फोनचा बॅटरी सेव्हर ॲप झोपवून टाकायचा. ती दाबायची आता आणि शॉक यायचा पाऊण मिनिटाने, तोवर बोट तोंडातून बाहेर येऊन मी शहाण्यासारखा पेपर वाचत असायचो. म्हणजे शिक्षा पेपर वाचल्याची! त्या ॲपला बॅटरी सेव्हरमधून वगळा. आणि क्षण हुकला असेल तर तो शॉक सोडून द्या. ‘मघाशी खाल्लंस ना, त्याचा हा’ असं उधारीचं खातं इथे चालत नाही.

नेथन ॲझ्रिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्येच लिहून ठेवलंय की शिक्षेची तीव्रता हळूहळू वाढवत नेली तर प्राणी तिला सरावतो. दहा, पंधरा, वीस असं चढत जाणं म्हणूनच फुकट. पहिल्या दिवशी स्वतःच्या मनगटावर स्वतः बटण दाबून, दचकवेल पण कळ रेंगाळणार नाही अशी पातळी ठरवा आणि तिथेच राहा. तिचा उपयोग संपला तर पद्धत बदला, आकडा नाही.

सगळ्यात मोठी चूक आमच्या हातून एका रविवारी झाली. गॅसचा नंबर लावायचा मी विसरलो होतो, शब्दाला शब्द वाढला आणि तिने बटण दाबलं. बोट तोंडात नव्हतं. दोघंही गप्प झालो. तिनेच पट्टा सोडला आणि म्हणाली, “अरे, हे मी काय केलं?” पुढचे कित्येक दिवस तिने फोन उचलला की माझा हात आपोआप मागे जायचा. घंटेला लाळ गाळणाऱ्या पावलोवच्या कुत्र्याचं झालं तेच. माझ्या बाबतीत घंटा म्हणजे बायको.

तेव्हापासूनचे नियम असे. करार एकाच सवयीचा, कागदावर लिहिलेला, दोन आठवड्यांचा. पुढे चालवायचा तर पुन्हा विचारायचं. भांडण सुरू झालं की पट्टा आधी निघणार. पट्टा घालणाऱ्याला बक्कल एका हाताने सोडता आलं पाहिजे, कुलूप वगैरे नाही. थांबण्यासाठी वेगळा शब्द हवा, कारण ‘नको नको’ आपण हसतानाही म्हणतो. आमचा शब्द ‘भोपळा’. ज्या जोडप्यांचा हा खेळ बेडरूममधला आहे, त्यांनाही हे तसंच्या तसं लागू. भारतीय न्याय संहितेच्या कलम २५ मध्ये अठरा वर्षांवरील माणसाच्या संमतीला मान आहे, पण गंभीर इजा त्यात बसत नाही आणि भीतीपोटी दिलेला होकार कायदा संमती मानत नाही. ‘घाल, नाहीतर बघ’ म्हणून बांधलेला पट्टा ही सरळ कौटुंबिक हिंसा आहे. बाईवर ती वेळ आली तर त्यासाठी २००५ चा कायदा आहे.

एवढं सगळं नीट केलं तरी बायको चार दिवस माहेरी गेली आणि दहाही नखं साफ. बटणवाली घरात नाही हे मेंदूला बरोबर कळतं. शॉक ‘हे करू नको’ सांगतो, त्याऐवजी काय करायचं ते सांगत नाही. त्याच ॲझ्रिनने १९७३ मध्ये ग्रेगरी नन या सहकाऱ्याबरोबर सवय मोडण्याची दुसरी रीत मांडली, तिच्यात वीज लागत नाही. आधी सवय कधी उफाळते ते टिपायचं (माझी लोकलमध्ये आणि क्रिकेट बघताना), आणि हात उठला की एक ते तीन मिनिटं मूठ आवळून धरायची. मूठ मिटलेली असताना नख खाता येत नाही.

सध्या पट्टा फक्त थरथरतो, शॉक बंद आहे. थरथरला की मी मूठ आवळतो, आणि ती समोर असेल तर तीही गंमत म्हणून आवळते. नऊ नखं कापण्याइतकी वाढली आहेत. उजव्या अंगठ्याचं अजून चालू आहे, विशेषतः शेवटच्या षटकात.