साउथ कॅरोलिनात ओल्या शेंगा घेताना
ऑगस्टमध्ये अमेरिकेत साउथ कॅरोलिनाकडे असाल, तर पेलियन गावचा शेंगांचा उत्सव, 'पीनट पार्टी', चुकवू नका. उकडलेल्या शेंगा हा २००६ पासून या राज्याचा अधिकृत खाऊ आहे! घरी करायच्या तर 'ग्रीन पीनट्स', म्हणजे ओल्या शेंगा, असंच विचारून घ्या. नुसतं 'रॉ' लिहिलेल्या शेंगा बहुधा वाळलेल्या निघतात. त्या रात्रभर भिजवूनही शिजायला अर्धा दिवस खातात. ओल्या शेंगा माती निघेपर्यंत धुवा, चार लिटर पाण्यात अर्धा कप मीठ घालून दीड-दोन तास उकडा. दाणा बोटाने सहज चेपला गेला पाहिजे. मग गॅस बंद करून त्याच पाण्यात तासभर मुरू द्या, मीठ खरं तेव्हाच आत शिरतं. कच्च्या उरल्या तर लगेच फ्रिजमध्ये ठेवा, बाहेर चटकन बुरशी धरते.