कथा परत आली की काय करायचं

दिवाळी अंकांत माझ्या कथा येऊ लागल्यापासून एक प्रश्न मला हमखास विचारला जातो : "ताई, माझं हस्तलिखित परत आलं. आता काय करू?" विचारणारे बहुतेक विशी-पंचविशीतले असतात, पण मध्यंतरी एका निवृत्त मुख्याध्यापकांनीही हेच विचारलं. मी आधी उलट विचारते : परत आलं म्हणजे नेमकं काय आलं? छापील उत्तर आलं, कथेबद्दल एखादी ओळ आली, की काहीच आलं नाही? कारण या तिन्हींचे अर्थ वेगळे आहेत. ते वेगळे वाचता आले नाहीत, तर माणूस चांगली कथा फाडून टाकतो किंवा कच्ची कथा वर्षानुवर्षं तशीच पाठवत राहतो.

सगळ्यात जास्त छळतं ते काहीच न येणं. त्यामागची व्यवस्था समजून घ्या. आपल्याकडच्या बऱ्याच प्रकाशनसंस्था मोजक्या माणसांवर चालतात. आलेलं बाड संस्थेतलं कुणी चाळतं आणि बरं वाटलं तर बाहेरच्या जाणकाराकडे वाचायला देतं. हा जाणकार बहुधा एखादा प्राध्यापक किंवा लेखक असतो. तो आपली नोकरी, परीक्षेचे पेपर, घरचं कार्य सांभाळून वाचतो. सहा महिने सहज जातात. म्हणून तीन-चार महिन्यांनी एक साधी मेल करा : हस्तलिखिताचं नाव, पाठवल्याची तारीख, 'वाचून झालं असल्यास कळवावे'. बस्स. आणखी तीन महिन्यांत काही कळलं नाही, तर 'मी हे आता इतरत्र पाठवत आहे' असं नम्रपणे कळवा आणि खरोखरच पाठवा. मौन म्हणजे नकार असं धरून कुढत बसायचं नाही. मौन म्हणजे होकार असं धरून घरच्यांना पेढेही वाटायचे नाहीत.

दुसरा प्रकार छापील उत्तराचा. 'आपले लेखन वाचले. सध्याच्या आमच्या नियोजनात ते बसत नाही. साभार परत.' या ओळींत आपल्या लिखाणाविषयी काहीही लिहिलेलं नसतं आणि तरी आपण त्या रात्रभर वाचतो. मीही वाचल्या आहेत. आता मला पक्कं माहीत आहे की त्यामागे बहुतेक वेळा हिशेब असतो. एके काळी मराठी पुस्तकाची पहिली आवृत्ती हजार-अकराशे प्रतींची निघायची. आता नव्या लेखकाच्या पाचशे प्रती काढतानाही प्रकाशक दहादा विचार करतो. त्यातल्या किती ग्रंथालयांत जातील, किती प्रदर्शनांत खपतील आणि किती गोदामात पडून राहतील, हे तो तुमचं पहिलं पान उघडण्याआधीच मनात मांडत असतो. कथासंग्रह तर त्याला सगळ्यात अवघड वाटतो. 'कादंबरी आहे का?' हा प्रश्न तुम्हाला ऐकावा लागेल. नसेल तर नाही म्हणा. कथा लिहिणाऱ्याने केवळ खपासाठी तीन कथांना जोड देऊन कादंबरी करू नये, हे माझं ठाम मत आहे. वाचकाला ते सांधे दिसतात.

तर अशा उत्तरावरून आपली कथा वाईट आहे असं ठरत नाही, आणि चांगली आहे असंही ठरत नाही. तपासायचं एवढंच की आपण योग्य दारात गेलो होतो का. त्या संस्थेची गेल्या दोन-तीन वर्षांतली पुस्तकं पाहा. अनुवाद आणि आत्मचरित्रंच काढणाऱ्या ठिकाणी तुमच्या गावाकडच्या कथा पाठवल्या असतील, तर तिथे कुणाचाच दोष नाही.

तिसरा नकार दुर्मीळ असतो आणि सोन्यासारखा जपायचा असतो : कुणीतरी कथेबद्दल एक ओळ लिहिलेली असते.

माझी एक कथा खानावळ चालवणाऱ्या बाईची होती. पहाटेपासून रात्रीपर्यंत ती रांधते, वाढते, उधारीची वही सांभाळते, आणि शेवटी खानावळ बंद करते. एका संपादकांनी ती परत पाठवली. पहिल्या पानाच्या समासात पेन्सिलीने लिहिलं होतं : 'ही बाई दिवसभर दुसऱ्यांना वाढते. ती स्वतः कधी जेवते?' एवढंच. भाषेवर शेरा नाही, शेवटावर नाही. आधी मला तो प्रश्न फुटकळ वाटला. मग मी कथा पुन्हा वाचली आणि माझ्या लक्षात आलं की त्या बाईचे कष्ट कथेत पानोपानी होते, पण तिचं शरीर कुठेच नव्हतं. मी एकच प्रसंग नव्याने लिहिला. दुपारी तीनला शेवटची पंगत उठल्यावर ती ओट्याशी उभ्यानेच भाताच्या पातेल्याची खरवड उलथन्याने काढते, त्यावर आमटीचा उरलेला निवळ ओतते आणि तो घास घेताना दारातून येणाऱ्या माणसाला पाहून घाईने तोंड पुसते. तो प्रसंग आल्यावर आधीची दोन पानं आपोआप गळाली, कारण त्यांत मी सांगत होते ते आता दिसत होतं. कथा पुढे दुसऱ्या अंकात आली. त्या संपादकांनाही मी अंक पाठवला.

अशी ओळ आली तर त्या दिवशी उत्तर लिहू नका. 'तुम्हाला कथा कळली नाही' असं वाटेल, वाटू द्या. आठवडाभराने कथा हातात घ्या. शेरा पटला तर बदला, नाही पटला तर सोडून द्या, पण आधी त्या शेऱ्यामागे वाचणारा नेमका कुठे अडखळला ते शोधा. संपादकाने सुचवलेला उपाय कधी कधी चुकीचा असतो, अडखळण्याची जागा मात्र बहुधा बरोबर असते. मराठीत या कामाची मोठी परंपरा आहे. 'सत्यकथा' मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांशी सविस्तर पत्रव्यवहार करत, कथा पुन्हा लिहून मागत. १९८२ साली ते मासिक बंद पडलं. आज तेवढा वेळ देणारे संपादक थोडे उरले आहेत, म्हणून तुम्हाला मिळालेल्या एका ओळीचं मोल अधिक आहे.

त्याच परंपरेची दुसरी बाजूही नव्या लेखकाला माहीत हवी. साठच्या दशकात ज्यांना प्रस्थापित मासिकांत आपल्या लिखाणाला जागा दिसेना, त्यांनी स्वतःची अनियतकालिकं, म्हणजे जमेल तेव्हा निघणारे छोटे अंक, काढली. त्यातली काही सायक्लोस्टाइल करून वाटली जात. १९६९ मध्ये काही तरुण लेखकांनी 'सत्यकथे'च्या अंकाची होळीसुद्धा केली. पुढे मराठी कविता आणि कथा त्या धडपडीतून बदलली. म्हणजे नकार देणाऱ्याची अभिरुचीही चुकू शकते. मात्र ते म्हणायचा हक्क त्यांनी लिहून कमावला होता. रागाने पोस्ट टाकून तो मिळत नाही.

माझा सल्ला विचाराल तर संग्रहाचं बाड घेऊन प्रकाशकाकडे जाण्याआधी एकेक कथा दिवाळी अंकांना पाठवा. १९०९ साली का. र. मित्र यांनी 'मासिक मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही प्रथा आजही शेकडो अंक काढते आणि नव्या माणसाला इतकी दारं दुसरीकडे कुठेच उघडी नाहीत. पाठवायचं ते मे-जूनमध्ये. गणपतीच्या सुमारास पाठवलेली कथा कितीही चांगली असली तरी अंकाची पानं तोवर भरलेली असतात, आणि तो नकार वेळेचा असतो. शब्दमर्यादा पाळा, मजकूर युनिकोडमध्ये पाठवा, एकच कथा एकाच वेळी दोन अंकांना देऊ नका. चार-सहा कथा अशा छापून आल्या की प्रकाशकाला तुमच्या बाडाबरोबर एक पुरावा मिळतो : ही बाई किंवा हा माणूस वाचला गेला आहे.

आता ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त काळजी वाटते तिच्याबद्दल. सलग नकार आल्यावर एक गोड फोन येतो. 'आम्ही तुमचं पुस्तक काढतो, फक्त निर्मितिखर्चात थोडा सहभाग.' सहभाग म्हणजे सगळा खर्च, वर नफा. मग घरात गठ्ठे येतात आणि पुस्तक कुठल्याच दुकानात दिसत नाही. माझ्या ओळखीतल्या एका मुलीने लग्नासाठी ठेवलेले पैसे यात घातले. तिच्या कथा चांगल्या होत्या, त्यावर कुणी संपादनाचा हात फिरवला नाही, मुद्रितशोधनही झालं नाही. शिवाय एक नुकसान नंतर कळतं : पहिलं पुस्तक एकदाच पहिलं असतं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठीच आहे. राज्य वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनाचे वेगळे पुरस्कार आहेत, कादंबरीसाठी श्री. ना. पेंडसे यांच्या नावाचा आणि लघुकथेसाठी ग. ल. ठोकळ यांच्या नावाचा. घाईघाईने पैसे भरून काढलेल्या पुस्तकावर ही संधी खर्च होते. स्वतः पुस्तक काढायचंच असेल तर उघडपणे स्वतः काढा, संपादक आणि मुद्रितशोधक यांना पैसे द्या आणि प्रती मोजक्याच छापा. त्यात कमीपणा नाही.

घरचे विचारतात, 'पुस्तकाचं काय झालं?' त्यांना नियोजन आणि आवृत्ती समजावत बसू नका. 'वाचायला दिलंय' म्हणा. मात्र लिहिणारं एखादं माणूस जवळ असू द्या, ज्याच्यापाशी नकाराचं पत्र मोठ्याने वाचून दाखवता येईल. वाईट वाटतं, आणि वाटायलाच हवं; ज्याला काहीच वाटत नाही त्याने बहुधा त्या कथेत स्वतःचं काही घातलेलं नसतं.

शेवटचं एक कामाचं. वही करा : कथा, कुठे पाठवली, केव्हा, काय उत्तर आलं, शेरा काय. परत आलेली कथा आठवडाभराने पुन्हा वाचून ठरवा, दुरुस्त करायची की आहे तशी पुढे धाडायची. आणि कुठे स्वीकारली गेली, तर ती अजून उत्तर न दिलेल्या कुणाकडे पडून असल्यास त्यांना त्याच दिवशी कळवा. संपादक हे लक्षात ठेवतात, आणि पुढची कथा घेऊन तुम्हाला त्यांच्याकडेच जायचं असतं.