संप्रेरकांची (हार्मोन्सची) तपासणी लाळेतून करावी की रक्तातून? निवड कशी करावी आणि नमुना कसा द्यावा

पाळी अनियमित झाली, केस गळू लागले, वजन कारण नसताना वाढले किंवा थकवा काही केल्या जाईना, की "एकदा हार्मोन्स तपासून घ्या" हा सल्ला घरातून, शेजारातून आणि डॉक्टरांकडूनही मिळतो. पूर्वी त्याचा अर्थ एकच होता: सकाळी पॅथॉलॉजी लॅबमध्ये जाऊन रक्त देणे. आता लाळेचा नमुना घरीच गोळा करून पाठवण्याचे संचही ऑनलाइन विकत मिळतात. सुई टोचून घ्यावी लागत नाही, रांगेत बसावे लागत नाही, त्यामुळे लोकांचा ओढा तिकडे असणे स्वाभाविक आहे. परंतु बहुतेक संप्रेरकांच्या बाबतीत लाळेतल्या आकड्यावर निदान किंवा उपचार ठरवता येत नाहीत. एका संप्रेरकाच्या बाबतीत मात्र, विशिष्ट वेळी घेतलेली लाळ रक्तापेक्षाही उपयोगी ठरते. म्हणून निवड सोयीवरून न करता प्रश्नावरून करावी. ती कशी करायची, ते पुढे क्रमाने दिले आहे.

पहिली पायरी: प्रश्न नक्की करा

"सगळे हार्मोन तपासा" अशी मागणी घेऊन लॅबमध्ये जाऊ नका. आधी लक्षणे घेऊन डॉक्टरांकडे जा आणि कोणता आजार पडताळायचा आहे, हे त्यांना स्पष्ट विचारा. थायरॉइडचा संशय असेल तर सुरुवातीला टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) पुरते. पीसीओएसचा (पाळी अनियमित करणाऱ्या, अंडाशयाशी संबंधित विकाराचा) संशय असेल तर टेस्टोस्टेरॉनच्या जोडीला टीएसएच, प्रोलॅक्टिन (दूधनिर्मितीचे संप्रेरक) आणि १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन (अॅड्रिनल ग्रंथींच्या एका जन्मजात विकारात वाढणारे संप्रेरक) पाहतात, कारण तशीच लक्षणे निर्माण करणारे दुसरे आजार आधी वगळावे लागतात. काही वेळा तपासणीची गरजच नसते. पंचेचाळिशी ओलांडलेल्या स्त्रीची पाळी लांबू लागली असेल आणि अंगातून गरम वाफा निघत असतील, तर रजोनिवृत्तीचा काळ जवळ आला आहे हे लक्षणांवरूनच ठरवता येते. त्या काळात एफएसएच (अंडाशयाला चालना देणारे संप्रेरक) आणि इस्ट्रोजेन यांची पातळी इतकी वरखाली होते की एका दिवसाच्या आकड्याला फारसा अर्थ राहत नाही, मग तो आकडा लाळेतून आलेला असो वा रक्तातून.

दुसरी पायरी: दोन नमुन्यांत काय मोजले जाते, ते समजून घ्या

कॉर्टिसॉल (मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथींत तयार होणारे, ताणात वाढणारे संप्रेरक), टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही स्टेरॉइड वर्गातील संप्रेरके रक्तात बहुतांशी प्रथिनांना चिकटून फिरतात. रक्तातले सुमारे ९५ टक्के कॉर्टिसॉल असे बांधलेले असते आणि उरलेले थोडे मुक्त असते. टेस्टोस्टेरॉनचा मुक्त अंश तर दोन टक्क्यांच्या आसपासच असतो. गोदामात बांधून ठेवलेला माल आणि दुकानात मांडलेला माल यांत जो फरक, तोच येथे आहे: पेशींना ताबडतोब वापरता येतो तो मुक्त भाग. नेहमीच्या रक्ततपासणीत दोन्ही भागांची बेरीज मोजली जाते, तर लाळग्रंथींच्या पेशींतून पलीकडे झिरपतो तो केवळ मुक्त भाग.

यावरून लाळेची तपासणी अधिक खरी, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो आणि संचांच्या जाहिरातींत तो काढलेलाही असतो. अडचण अशी आहे की मुक्त भाग अतिशय सूक्ष्म असल्यामुळे लाळेतले प्रमाण मोजणे फार अवघड जाते. स्त्रियांच्या लाळेतील टेस्टोस्टेरॉन इतके कमी असते की हिरडीतून आलेल्या किंचित रक्तानेही आकडा बदलतो. शिवाय टीएसएच, एफएसएच, एलएच (अंडाशयातून अंडे बाहेर पडायला लावणारे संप्रेरक), प्रोलॅक्टिन आणि इन्सुलिन ही प्रथिनरूप, मोठ्या रेणूंची संप्रेरके आहेत. ती लाळेत भरवशाने उतरत नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी रक्तच द्यावे लागते.

रक्ताच्या तपासणीलाही मर्यादा आहेत. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे आणि गरोदरपणात कॉर्टिसॉलला बांधून ठेवणारे प्रथिन वाढते. मग मुक्त कॉर्टिसॉल योग्य प्रमाणात असूनही रक्तातील एकूण आकडा फुगलेला दिसतो आणि रुग्ण विनाकारण घाबरतो.

तिसरी पायरी: नमुना निवडा

साधा नियम असा ठेवावा: थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एफएसएच, एलएच, एएमएच (अंडाशयात उरलेल्या अंड्यांचा अंदाज देणारे संप्रेरक), इन्सुलिन, टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन यांसाठी रक्त, कुशिंग सिंड्रोमचा संशय असेल तर रात्री उशिराची लाळ.

कुशिंग सिंड्रोममध्ये शरीरात कॉर्टिसॉल दीर्घकाळ जास्त राहते. चेहरा गोल होतो, त्वचा पातळ होऊन सहज काळीनिळी पडते, पोटावर रुंद जांभळे पट्टे उमटतात, मांड्यांचे स्नायू दुबळे होतात, रक्तदाब आणि साखर वाढते. निरोगी माणसाचे कॉर्टिसॉल सकाळी सर्वाधिक असते आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जाते. या आजारात रात्रीची ती घसरण होत नाही, म्हणून मध्यरात्रीचा आकडा सर्वांत बोलका असतो. मात्र त्या वेळी रक्त घ्यायचे तर रुग्णाला रुग्णालयात ठेवावे लागते, आणि सुईच्या भीतीनेच कॉर्टिसॉल वाढू शकते. लाळ मात्र घरी, शांतपणे, स्वतःच्या अंथरुणाशेजारी बसून देता येते. एंडोक्राइन सोसायटी या संप्रेरकतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत या आजाराच्या प्राथमिक तपासणीसाठी रात्री उशिराच्या लाळेतील कॉर्टिसॉलला स्थान दिले आहे. सोबत चोवीस तासांच्या लघवीतील कॉर्टिसॉल आणि डेक्सामेथासोनची चाचणी (हे स्टेरॉइड औषध दिल्यावर कॉर्टिसॉल दबते का, ते पाहणारी) हेही पर्याय आहेत. लाळ किमान दोन वेगवेगळ्या रात्री द्यावी लागते.

याउलट, अॅड्रिनल ग्रंथी कमी काम करत असल्याचा संशय असेल, तर सकाळी आठच्या सुमारास रक्तातील कॉर्टिसॉल पाहतात आणि गरज पडल्यास एसीटीएचचे (या ग्रंथींना कॉर्टिसॉल बनवायला लावणाऱ्या संप्रेरकाचे) इंजेक्शन देऊन पुन्हा मोजतात.

दिवसातून चार वेळा लाळ घेऊन "अॅड्रिनल थकवा" शोधून देणाऱ्या संचांविषयी मला आग्रहाने सांगावेसे वाटते की तो वैद्यकाने मान्य केलेला आजारच नाही. थकलेल्या माणसाचा थकवा खरा असतो आणि म्हणूनच त्याचे खरे कारण शोधले पाहिजे: हिमोग्लोबिन, टीएसएच, साखर, बी-१२, झोप आणि मनाची अवस्था. या संचांनंतर सुचवल्या जाणाऱ्या पूरक गोळ्यांत संप्रेरके असली, तर शरीराची स्वतःची कॉर्टिसॉलनिर्मिती मंदावण्याचा धोका असतो.

प्रोजेस्टेरॉनचे क्रीम लावणाऱ्या स्त्रियांनीही लाळेच्या आकड्यावर विसंबू नये. क्रीममुळे लाळेत प्रोजेस्टेरॉन प्रचंड दिसते, पण रक्तात ते फारसे वाढत नाही. लाळेचा आकडा पाहून गर्भाशयाच्या अस्तराला पुरेसे संरक्षण मिळाले असे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

चौथी पायरी: औषधांची आणि सवयींची पूर्ण यादी द्या

या पायरीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. चिठ्ठीवरची औषधे तर सांगाच, पण दुकानातून स्वतःहून आणलेलीही सांगा. केस आणि नखांसाठीच्या गोळ्यांत बायोटिन हे ब गटातील जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात असते. काही यंत्रांवर त्यामुळे टीएसएच खोटे कमी आणि थायरॉइडची संप्रेरके खोटी जास्त दिसतात, म्हणजे नसलेला आजार कागदावर उमटतो. अशा गोळ्या रक्त देण्यापूर्वी किमान दोन दिवस बंद ठेवाव्यात. पित्ताच्या अनेक गोळ्यांत डॉम्पेरिडोन असते आणि ते प्रोलॅक्टिन वाढवते.

कॉर्टिसॉलसाठी स्टेरॉइडचा प्रत्येक प्रकार सांगणे आवश्यक आहे: दम्याचा पंप, सांध्यात घेतलेले इंजेक्शन, खाजेचे किंवा चेहरा उजळ करण्याचे मलम, सांधेदुखीवरच्या बिननावाच्या पुड्या. अशा मलमांतून आणि पुड्यांतून स्टेरॉइड पोटात किंवा त्वचेत जाऊन कुशिंगसारखीच लक्षणे निर्माण होऊ शकतात. मात्र बराच काळ चालू असलेले स्टेरॉइड तपासणीसाठी स्वतःहून अचानक बंद करू नका. ते जिवावर बेतू शकते. गर्भनिरोधक गोळ्यांचेही तसेच: डेक्सामेथासोनच्या चाचणीपूर्वी त्या साधारण सहा आठवडे बंद ठेवायला सांगतात, पण तो निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा असतो.

लाळेच्या तपासणीत आपल्याकडच्या दोन सवयी विशेष महत्त्वाच्या आहेत. लाळग्रंथींत कॉर्टिसॉलचे कॉर्टिसोनमध्ये रूपांतर करणारे एक विकर (एन्झाइम) असते आणि ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिक आम्ल त्या विकराला अडवते. त्यामुळे घसा बसला म्हणून ज्येष्ठमधाची काडी चघळणाऱ्याच्या किंवा त्याचा काढा घेणाऱ्याच्या लाळेत कॉर्टिसॉल खोटे वाढलेले दिसू शकते. चघळण्याच्या तंबाखूनेही असाच घोटाळा होऊ शकतो, आणि धूम्रपान करणाऱ्यांतही हा आकडा जास्त येतो. मिश्री ही तंबाखूच आहे. ती लावणाऱ्या आजी आणि मावशी तिला तंबाखू समजत नाहीत, म्हणून घरच्यांनी ती आठवणीने डॉक्टरांना सांगावी.

पाचवी पायरी: रक्त योग्य वेळी द्या

पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनसाठी सकाळी सात ते दहाच्या दरम्यान उपाशीपोटी रक्त द्यावे आणि आकडा कमी आल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तपासावे. एकाच अहवालावर इंजेक्शने सुरू करू नयेत. एफएसएच, एलएच आणि इस्ट्रोजेन पाळीच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवशी पाहतात. प्रोजेस्टेरॉन पुढची पाळी अपेक्षित असेल त्याच्या सात दिवस आधी, म्हणजे अठ्ठावीस दिवसांच्या चक्रात एकविसाव्या आणि पस्तीस दिवसांच्या चक्रात अठ्ठाविसाव्या दिवशी. "एकविसावा दिवस" सर्वांना सरसकट लागू पडत नाही. एएमएच कोणत्याही दिवशी चालते. प्रोलॅक्टिनसाठी उठल्या उठल्या न जाता, थोडा वेळ शांत बसून रक्त द्यावे. थायरॉइडची गोळी चालू असल्यास त्या दिवशी ती रक्त दिल्यानंतर घ्यावी.

सहावी पायरी: लाळ नीट गोळा करा

नमुना सहसा रात्री अकरा ते बाराच्या दरम्यान घेतात. लॅबने दिलेली वेळ पाळा. नेहमीच्या वेळी झोपणाऱ्या व्यक्तीसाठीच ही चाचणी आहे. रात्रपाळी करणारे पोलीस, परिचारिका आणि कामगार यांचे कॉर्टिसॉलचे चक्र वेगळे चालत असल्याने त्यांच्यासाठी दुसरी चाचणी निवडावी.

जेवण आणि दात घासणे लवकर उरका. नमुन्यापूर्वीचा एक तास पाण्याशिवाय काही घेऊ नका, व्यायाम करू नका, वादविवाद टाळा. हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा तोंड आले असेल तर तारीख पुढे ढकला. दहा मिनिटे आधी साध्या पाण्याने चूळ भरा. चूळ भरून लगेच नमुना घेतल्यास पाण्याने लाळ पातळ होते. हात साबणाने स्वच्छ धुवा, विशेषतः घरात कोणी स्टेरॉइडचे मलम वापरत असेल तर. नळीतला बोळा बोटांनी न उचलता थेट तोंडात घ्या, सुमारे दोन मिनिटे जिभेखाली आणि गालाशी फिरवा, मग तो पुन्हा नळीत टाकून झाकण लावा. बोळा गुलाबी दिसला तर तो नमुना देऊ नका. नळीवर नाव, तारीख आणि नेमकी वेळ लिहा, ती फ्रीजमध्ये ठेवा आणि सकाळी लॅबमध्ये पोहोचवा. घरात पाहुणे असलेली किंवा लग्नकार्याची रात्र यासाठी निवडू नये.

सातवी पायरी: लॅब आणि अहवाल तपासा

लॅबला एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे का, आणि ती त्या विशिष्ट तपासणीसाठी आहे का, हे विचारा. स्त्रियांचे टेस्टोस्टेरॉन कमी प्रमाणात असते, त्यामुळे शक्य तेथे ते मास स्पेक्ट्रोमेट्रीने (रेणू त्यांच्या वस्तुमानावरून ओळखणाऱ्या अचूक पद्धतीने) मोजून घ्यावे. अहवालात नमुन्याची वेळ छापलेली असली पाहिजे. वेळेशिवाय कॉर्टिसॉलचा आकडा निरर्थक असतो. एककही पाहा: कॉर्टिसॉलचा १ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे सुमारे २७.६ नॅनोमोल प्रति लिटर. लाळेचा आकडा रक्ताच्या आकड्यापेक्षा कितीतरी लहान असतो आणि त्याची सामान्य मर्यादा वेगळी असते, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून तुलना करू नका. पुढच्या वेळीही तीच लॅब आणि तीच पद्धत ठेवा.

दोन रात्रींच्या लाळेतील कॉर्टिसॉल जास्त आले, तर पुढची चाचणी डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावी लागते. उदाहरणार्थ, रात्री अकरा ते बाराच्या दरम्यान १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन घेऊन सकाळी आठ ते नऊच्या दरम्यान रक्त देतात, आणि कॉर्टिसॉल १.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा जास्त राहिल्यास शोध पुढे चालू ठेवतात. एक रात्र जास्त आणि दुसरी सामान्य आली, तर आधी त्या रात्रीचा खोकला, काढा, तंबाखू, जागरण आणि आजारपण आठवून लिहून काढा, ती नोंद अहवालासोबत एंडोक्रिनोलॉजिस्टना (संप्रेरकतज्ज्ञांना) दाखवा आणि तिसरा नमुना कधी द्यायचा, हे त्यांच्याकडून ठरवून घ्या.