मॅट्रिक्समध्ये अमुक नावाची ओळ आहे का, हे आर मध्ये कसे तपासावे

आर ही आकडेवारीसाठीची संगणकभाषा. समजा, 'पाऊस' हे मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचा तक्ता, आहे: ओळींना गोव्यातल्या तालुक्यांची नावे, स्तंभांना महिन्यांची. केपे त्यात आहे का?

"केपे" %इन% रोनेम्स(पाऊस)

उत्तर ट्रू किंवा फॉल्स, एकच. इफच्या अटीत हेच वापरा. तिथे == लिहिले तर बारा तालुक्यांची बारा उत्तरे येतात आणि आर 4.2.0 पासून (2022) इफ एरर देऊन थांबते.

ओळ थेट काढून बघू नका. पाऊस["केपे", ] मागितली आणि ती नसली, तर 'सबस्क्रिप्ट आउट ऑफ बाउंड्स' येऊन काम थांबते. डेटाफ्रेममध्ये (आरमधला दुसऱ्या प्रकारचा तक्ता) धोका जास्त, कारण तिथे एरर येत नाही, एनएने (म्हणजे 'माहिती नाही') भरलेली ओळ हातात पडते. शिवाय डेटाफ्रेम ओळींची नावे अर्धवटही जुळवते: कोंकणी तक्त्यातून आलेली "केपें" ही ओळ तुम्ही "केपे" मागितल्यावर खुशाल मिळते, %इन% मात्र फॉल्स म्हणते. खरे %इन% चेच.

नाव डोळ्यांना दिसते, तरी फॉल्स? एनचार अक्षरचिन्हे मोजते, मात्रा वेगळी धरून: एनचार("केपे") 4 येते. तुमच्या ओळीच्या नावाचे 5 आले, तर यूटीएफ8टूइंट (प्रत्येक चिन्हाचा युनिकोड आकडा देणारे फंक्शन) चालवून शेवटचा आकडा बघा. 32 असेल तर मागे स्पेस राहिली आहे, ट्रिमडब्ल्यूएस लावा. 2306 असेल तर तो अनुस्वार. आपल्याकडे मराठी आणि कोंकणी तक्ते एकत्र केले की हे हमखास होते. जोडण्याआधीच नावे एकसारखी करून घ्या.

सगळ्याच नावांना फॉल्स येत असेल तर रोनेम्स(पाऊस) छापून बघा. नल (म्हणजे काहीच नाही) आले तर नावे दिलेलीच नाहीत, किंवा गाळणीनंतर एकच ओळ उरून मॅट्रिक्सचा साधा व्हेक्टर, म्हणजे आकड्यांची नुसती यादी, झाला आहे. गाळताना ड्रॉप = फॉल्स द्या: पाऊस[अट, , ड्रॉप = फॉल्स].

ओळींना पिनकोडची नावे असतील तर कोड अवतरणचिन्हांत हवा. पाऊस[403001, ] म्हणजे पणजी नव्हे, चार लाख तीन हजार एकावी ओळ.

मॅट्रिक्सला एकाच नावाच्या दोन ओळी चालतात आणि नावाने मागितल्यास पहिलीच मिळते. म्हणून एनीडुप्लिकेटेड(रोनेम्स(पाऊस)) शून्य येते ना, तेही पाहा.

बाराही तालुके एकदम तपासायचे तर त्यांच्या नावांची यादी 'तालुके'मध्ये ठेवून सेटडिफ(तालुके, रोनेम्स(पाऊस)). जे नाहीत तेवढेच छापले जातात.