सॉफ्टवेअर प्रोजेक्ट अडलाय? कोड उघडण्याआधी या चुका तपासा

प्रोजेक्ट लांबायला लागला की बोट आधी कोडकडे जातं. फ्रेमवर्क चुकलं, डेटाबेस दमतोय, डेव्हलपर कच्चे आहेत. अडकलेल्या प्रोजेक्टवर मला बोलावलं की मी आधी एक प्रश्न विचारतो: "हे फीचर या रिलीजमध्ये नको, असं ठामपणे म्हणायचा अधिकार इथे कोणाला आहे?" एक नाव चटकन आलं तर बाकीचं सुटण्यासारखं असतं. तीन नावं आली, किंवा कॉलवर शांतता पसरली, तर घोडं तिथेच पेंड खातंय.

खालच्या चुका मी पुन्हा पुन्हा पाहिल्या आहेत. बहुतेकींच्या मुळाशी हेच सापडतं: एखाद्या निर्णयाला मालक नव्हता, किंवा एकापेक्षा जास्त होते.

प्रॉडक्ट ओनर नावापुरता

कोणतं काम आधी करायचं हे ठरवणारा तो प्रॉडक्ट ओनर. तो नावापुरता असला की बॅकलॉगमधली, म्हणजे करायच्या कामांच्या यादीतली, निम्मी कामं 'अर्जंट' असतात. डेव्हलपरने शंका काढली की उत्तर येतं, "विचारून सांगतो." ते सांगायला चार दिवस जातात. तोवर डेव्हलपर स्वतःच्या अंदाजाने पुढे गेलेला असतो, डेमोला क्लायंट म्हणतो "असं नको होतं", आणि अख्खा स्प्रिंट, म्हणजे कामाचा ठरलेला छोटा टप्पा, वाया.

स्क्रम ही छोट्या टप्प्यांत काम करण्याची पद्धत. तिच्या स्क्रम गाइडच्या २०२०च्या आवृत्तीत टीममध्ये तीनच जबाबदाऱ्या आहेत: प्रॉडक्ट ओनर, स्क्रम मास्टर (पद्धत नीट चालावी, अडचणी दूर व्हाव्यात हे बघणारा) आणि डेव्हलपर. प्रॉडक्ट ओनर ही एक व्यक्ती असते, समिती नव्हे, हेही तिथे स्पष्ट म्हटलंय. स्क्रम वापरा अगर वापरू नका, एवढं मात्र पाळाच. विक्री, सपोर्ट, व्यवस्थापन, सगळ्यांचं ऐकावं. क्रम एकानेच लावावा. 'हाय, मीडियम, लो' असे शिक्के मारू नका, महिन्याभरात सगळंच 'हाय' होऊन बसतं. कामं एकाखाली एक लावा. पहिल्या क्रमांकावर दोन कामं बसत नाहीत, त्यामुळे आज काय करायचं नाही हे बोलावंच लागतं.

अमेरिकेतली आरोग्य विम्याची 'हेल्थकेअर डॉट गव्ह' ही साइट १ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू झाली आणि पहिल्या दिवशी जेमतेम ६ जणांची नोंदणी पूर्ण झाली. कंत्राटदार भरपूर होते, पैसाही होता. सगळे तुकडे एकत्र जोडून चालतील याची जबाबदारी मात्र एका जागी नव्हती. नंतर मदतीला आलेल्या अनुभवी लोकांनी रोजच्या बैठकांना एक शिस्त लावली: हुद्दा कितीही मोठा असो, त्या अडचणीची ज्याला सर्वांत जास्त माहिती आहे त्यानेच बोलायचं. मी हा नियम आमच्या स्टँडअपला (रोजच्या छोट्या बैठकीला) लावला तेव्हा पहिले काही दिवस सगळेच अवघडले होते. मग लपलेल्या अडचणी आपोआप वर यायला लागल्या.

"नव्वद टक्के झालंय"

एका प्रोजेक्टमध्ये रिपोर्टचं मॉड्यूल सलग पाच आठवडे नव्वद टक्के झालेलं होतं. डेव्हलपर खोटं बोलत नव्हता. स्क्रीन दिसत होती, आकडे येत होते. राहिलं होतं ते म्हणजे खऱ्या डेटावर चालवून बघणं, कोणाला काय दिसावं याच्या परवानग्या, चुकीची तारीख टाकली तर काय व्हावं हे ठरवणं, आणि जुन्या सिस्टिममधल्या नोंदी आणणं. वेळ खातं ते हेच. लीड मी होतो, आणि 'झालं' म्हणजे नेमकं काय हे मी कुठेही लिहून ठेवलं नव्हतं.

तेव्हापासून मी टक्के विचारत नाही. कोड रिव्ह्यू झाला (दुसऱ्याने कोड वाचून तपासला), टेस्ट पास झाल्या, टेस्टरने स्टेजिंगवर (खऱ्यासारख्या चाचणीच्या सिस्टिमवर) पाहिलं, प्रॉडक्ट ओनरने होकार दिला, तर झालं. यातलं एकही राहिलं तर झालेलं नाही. दोन-तीन दिवसांहून मोठं काम असेल तर ते फोडा, आणि फोडताना आडवं फोडू नका. आधी सगळे टेबल, मग सगळे एपीआय (प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलायचे मार्ग), मग सगळ्या स्क्रीन असं गेलं की शेवटच्या आठवड्यापर्यंत वापरण्याजोगं काहीच हाती येत नाही. 'एका ग्राहकाचा एका महिन्याचा रिपोर्ट' एवढाच तुकडा डेटाबेसपासून स्क्रीनपर्यंत पूर्ण करा आणि दाखवा.

याला लागूनच दुसरी चूक: एस्टिमेटलाच डेडलाइन समजणं. "साधारण तीन आठवडे" हा अंदाज असतो. तो क्लायंटच्या ईमेलमध्ये गेला की त्याचा शब्द होतो. अंदाज काम करणाऱ्याने द्यावा, तारखेचा शब्द प्रॉडक्ट ओनरने द्यावा. तारीख हलत नसेल तर काम कमी करावं. काम, तारीख आणि माणसं तिन्ही जखडून ठेवली की पहिला बळी टेस्टिंगचा जातो.

उशीर झाला म्हणून माणसं वाढवणं

उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टवर माणसं वाढवली की तो आणखी लांबतो, हे संगणकशास्त्रज्ञ फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५मध्येच मांडलं. ५ जणांत बोलण्याच्या जोड्या १० होतात, १० जणांत ४५. शिवाय नव्या माणसाला शिकवणार कोण? ज्याच्या डोक्यावर आधीच सर्वांत जास्त काम आहे, तोच. त्याऐवजी जुन्या माणसांच्या अंगावरची बाकीची ओझी काढा: इतर प्रोजेक्टचे सपोर्ट कॉल, न संपणाऱ्या मीटिंग, कोणी वाचत नाही ते साप्ताहिक रिपोर्ट.

दोन टीमच्या मधली जागा

नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर सप्टेंबर १९९९मध्ये मंगळापाशी पोहोचून नष्ट झालं. जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर बलाचा हिशेब पाउंडमध्ये देत होतं, आणि तो वापरणारं दुसरं सॉफ्टवेअर ते आकडे न्यूटनमध्येच आहेत असं धरून चाललं होतं. फरक सुमारे ४.४५ पटींचा. मेट्रिक एकक वापरायचं असं इंटरफेसच्या (दोन सॉफ्टवेअर जिथे जोडली जातात त्या जागेच्या) कागदपत्रांत लिहिलेलं होतं. आकडे जुळत नसल्याची शंका काहींना प्रवासादरम्यान आलीही होती, पण ती रीतसर नोंदून कोणी तडीला नेली नाही.

आपल्याकडे हीच चूक तारखेच्या फॉरमॅटमध्ये, टाइमझोनमध्ये, रक्कम करासकट की कराविना यात लपलेली असते. प्रत्येक टीमचा लीड म्हणतो, "आमच्या बाजूने बरोबर आहे," आणि दोघंही खरं बोलत असतात. उपाय दोन. प्रत्येक इंटरफेसपुढे एका माणसाचं नाव लिहा. आणि दोन्ही बाजूंचा खरा डेटा पहिल्या महिन्यातच एकदा आरपार पाठवून बघा, भले त्या वेळी एकच नोंद जाऊ दे.

टेस्टरला शेवटी बोलावणं याच जातीचं. तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखं ते आहे. रिक्वायरमेंटच्या पहिल्या चर्चेला टेस्टर बसला की "रक्कम शून्य असेल तर?" हा प्रश्न कोड लिहिण्याआधीच येतो.

रिलीज कोणाच्या भरवशावर?

१ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या अमेरिकी ब्रोकर कंपनीने सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून अधिक रक्कम गमावली. नवा कोड ८ सर्व्हरवर जायचा होता, गेला ७वर. आठव्यावर जुना, वर्षानुवर्षं न वापरलेला कोड होता, आणि नव्या कामासाठी पुन्हा वापरलेल्या फ्लॅगने (कोडमधल्या चालू-बंद खुणेने) तोच जागा केला. आठही सर्व्हर दुसऱ्या कोणी तपासावेत अशी लेखी पद्धत नव्हती. बाजार उघडण्याआधी सिस्टिमने ९७ ईमेल पाठवले होते. पण ते इशारे म्हणून बनवलेले नव्हते, आणि त्यांवर कोणी पाऊल उचललं नाही. गडबडीत ७ सर्व्हरवरून नवा कोड काढला गेला, आणि जुना कोड तिथेही चालू झाल्याने नुकसान वाढलं.

मला यातला शेवटचा भाग सर्वांत अस्वस्थ करतो. त्या क्षणी कोणीही तसंच केलं असतं. म्हणून रोलबॅकची (बदल मागे घेण्याची) पावलं आधी लिहून स्टेजिंगवर करून पाहावीत. रिलीज करणारा एक आणि पडताळणारा दुसरा असावा. अलर्ट एका ठरलेल्या माणसाच्या फोनवर जावा. ग्रुप ईमेलवर गेलेला अलर्ट सगळ्यांना मिळतो आणि कोणीच उघडत नाही. वापरात नसलेला कोड काढून टाका.

लीडच सगळं करतो

सर्वांत अवघड मॉड्यूल टेक लीडकडे, सगळे कोड रिव्ह्यू त्याच्याकडे, क्लायंटचा कॉलही त्यालाच. तो आजारी पडला की टीम थांबते. लीडने मोक्याचं काम स्वतःकडे ठेवू नये, दुसऱ्याला देऊन शेजारी बसावं. स्क्रम मास्टरचंही तसंच: स्टँडअपला हजेरी घेणं हे त्याचं काम नाही. काल आलेली अडचण आज सुटली का, हे त्याने बघावं.

प्रोजेक्ट आधीच अडकला असेल तर

पहिले दोन दिवस नवं काही बांधू नका. टीममधल्या प्रत्येकाला वेगवेगळं गाठून पाच गोष्टी विचारा: कामांचा क्रम कोण लावतं, तांत्रिक वाद झाला तर शेवटचा शब्द कोणाचा, 'झालं' असं कोण म्हणतं, रिलीज कोण थांबवू शकतं, आणि क्लायंटला तारीख कोण देतं. उत्तरं एका कागदावर शेजारी शेजारी मांडा. जिथे नावं जुळत नाहीत तिथून दुरुस्ती सुरू करा, आणि ती व्यक्ती रजेवर गेली तर तिच्या जागी कोण, हेही त्याच ओळीत लिहून टाका.